प्राण्यांची व्यक्तिचित्रे

दिवाळीच्या सुमारास घरात जी नवी पुस्तके येतात, त्यांत 'जगातील अजब प्राणी' ह्या जातीचे एखादे पुस्तक हटकून असते. नाव बदलते, चित्रे बदलतात, कागद अलीकडे पुष्कळच गुळगुळीत झाला आहे. परंतु आतला मजकूर पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला आहे. एका पानावर एक प्राणी, त्याची लांबी, त्याचे वजन आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. मुलांना ही पुस्तके आवडतात. खोटे कशाला बोलू, मलाही आवडतात. चकलीचा तुकडा मोडता मोडता मी ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढतो, आणि मग माझ्यातला टीकाकार जागा होतो.

कादंबरीतली माणसे खरी उतरली आहेत की नाहीत, ह्यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. प्राणी खरा उतरला आहे की नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्राणी तक्रार घेऊन संपादकाच्या दारात येत नाही, हे त्याचे एक कारण असावे. वास्तविक ही पाने म्हणजे छोटी व्यक्तिचित्रेच होत, आणि व्यक्तिचित्राला आपण जी कसोटी लावतो तीच येथेही लावायला हवी. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली पुस्तकरूपाने आली. त्यांतली माणसे चारचौघांसारखी नाहीत. तरी ती वाचताना 'काय विचित्र माणूस!' असे आपण म्हणत नाही. लेखक त्यांच्या अंगणात बसून बोलतो आहे, हे आपल्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. तेव्हा प्राण्याचे चित्र वाचतानाही माझा पहिला प्रश्न असतो तो हा, की लिहिणारा कोठे उभा होता?

ह्या प्रश्नाचे महत्त्व पटवणारी एक जुनी गोष्ट गोव्याच्या बंदरातून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह ह्याने पोर्तुगीजांचा गोव्यातला प्रमुख आल्बुकर्क ह्याला एक गेंडा नजर केला. आल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे धाडला. १५१५ च्या जानेवारीत निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला पोहोचले, आणि आपला 'गेंडा' हा शब्दही 'गांदा' होऊन त्याच्याबरोबर पोर्तुगालात उतरला. तिकडे न्यूरेंबर्ग शहरात आल्ब्रेश्ट ड्यूरर ह्या थोर चित्रकाराच्या हाती एक पत्र आणि एक रेखाटन आले. तेवढ्यावर, गेंडा डोळ्यांनी न पाहता, त्याने लाकडी ठसा कोरला. कातडीच्या घड्यांचे त्याने चिलखत केले, त्याला जणू खिळे ठोकले, आणि मानेच्या मागे पदरचे एक छोटे पिळदार शिंग बसवून दिले! चित्र इतके देखणे उतरले की पुढे दोन-सव्वादोनशे वर्षे युरोपातले ग्रंथकार त्याचीच नक्कल करीत राहिले. १७४१ साली भारतातून 'क्लारा' नावाची गेंड्याची मादी तिकडे गेली, गावोगाव फिरली, लाखो लोकांनी तिला पाहिले, तेव्हा कोठे ते खांद्यावरचे शिंग गळायला लागले. मूळचा गेंडा बिचारा पोपला भेट म्हणून पाठवला जात असताना १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. त्याला साखळदंडाने बांधलेले होते.

ड्यूररला मी दोष देत नाही. त्याच्या चित्रात निदान त्या जनावराबद्दल आदर आहे. तुच्छतेने काढलेली चित्रे ह्याहून वाईट, आणि त्यांतले सर्वांत वाईट नशीब दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या वाट्याला आले. इंग्रजीत त्याचे नावच मुळी आळस. तोही साधासुधा नव्हे, ख्रिस्ती धर्माने सात महापापांत मोजलेला आळस. पोर्तुगीज लोकही त्याला 'आळस'च म्हणतात. ब्यूफाँ हा अठराव्या शतकातला फ्रान्सचा नामांकित निसर्गपंडित. १७४९ पासून त्याच्या प्रचंड ग्रंथाचे खंड निघू लागले, आणि त्याची लेखनशैली इतकी वाखाणली गेली की शैली ह्याच विषयावर त्याने फ्रेंच अकादमीपुढे केलेले भाषण आजही वाचले जाते. ह्या शैलीदार माणसाने स्लॉथची इतकी कीव केली की काही विचारू नका. निसर्गाने अर्धवट सोडलेला हा जीव, ह्याच्या शरीरात आणखी एक उणीव राहिली असती तर हा टिकलाच नसता, अशा आशयाचे त्याने लिहिले. पॅरिसच्या राजोद्यानाची व्यवस्था पाहणाऱ्या ब्यूफाँने दक्षिण अमेरिकेत पाऊल ठेवलेले नव्हते.

त्याला उत्तर दिले ते चार्ल्स वॉटर्टन ह्या इंग्रज जमीनदाराने. हा गृहस्थ गियानाच्या जंगलांत अनवाणी हिंडत असे. १८२५ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिले ते थोडक्यात असे : ह्या प्राण्याला जमिनीवर ठेवून पाहाल तर तो दीनवाणा दिसणारच, कारण तो जमिनीवरचा नाहीच. तो फांदीच्या वर बसत नाही, खाली लटकतो. लटकून चालतो, लटकून विसावतो, लटकूनच झोपतो. वॉटर्टनने एक स्लॉथ काही महिने आपल्या खोलीत ठेवला होता. खडबडीत जमिनीवर सोडला की तो नखांनी स्वतःला ओढत जवळच्या झाडाची वाट धरी. गुळगुळीत, तुडवलेल्या रस्त्यावर ठेवला की कासावीस होई. घरात त्याची आवडती जागा म्हणजे खुर्चीची पाठ. खुर्चीच्या पाठीला लोंबकळणारा हा पाहुणा मला ब्यूफाँच्या साऱ्या अलंकारांपेक्षा खरा वाटतो. गंमत अशी की हाच वॉटर्टन थापाड्याही होता. माकडाच्या कातड्याला माणसाचा चेहरा देऊन त्याने एक बनावट प्राणी तयार केला आणि ह्याच पुस्तकाच्या आरंभी त्याचे चित्र छापले! लेखक सज्जन असला म्हणजे चित्र खरे उतरते असे नाही. त्याने जवळ जाऊन पाहिले होते की नाही, एवढेच शेवटी मोजावे लागते.

वॉटर्टनच्या नंतर अभ्यासकांनी ह्या प्राण्याचा सारा संसार उलगडून दाखवला आहे. तीन बोटांचा स्लॉथ मुख्यतः पाला खातो. पाल्यात सत्त्व थोडे, आणि तो पचायला दिवसच्या दिवस लागतात. मिळकत अशी तुटपुंजी असल्यावर खर्चही बेताचाच ठेवावा लागतो, हे कोणत्याही गृहिणीला समजावून सांगायला नको. म्हणून तो हळू हलतो आणि अंगाची ऊबही बेताची ठेवतो. केसांत हिरवे शेवाळ वाढते, त्यामुळे पानांत तो दिसेनासा होतो. आणि आकाशातून टेहळणी करणाऱ्या हार्पी गरुडाच्या नजरेला हालचाल पटकन दिसते, म्हणून संथपणा हीच त्याची ढाल. आठवड्यातून एकदाच्या सुमारास तो देहधर्मासाठी खाली उतरतो. पाण्यात पडला तर चांगला पोहतो. ह्यात आळस कोठे आला? आमच्या मुलांच्या पुस्तकांत मात्र अजून तो 'जगातला सर्वांत आळशी प्राणी' म्हणूनच जांभया देत बसलेला असतो.

ह्या बदनामीची झळ आपल्या अस्वलालाही लागली, हे पुष्कळांना माहीत नसेल. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ ह्याने १७९१ साली आपल्याकडच्या अस्वलाची लांब नखे आणि वरचे दोन दात नसलेला जबडा पाहून त्याला स्लॉथच्या कुळात घातले. पुढे चूक उमगली, कुळ सुधारले, पण इंग्रजी नावातला 'स्लॉथ' तसाच राहिला. त्या दातांच्या फटीतून ते वाळवी ओढून घेते, हे वारुळाशी ते पाहिलेल्या कोणालाही सांगता आले असते. आणि चिडलेल्या अस्वलापुढे पळून पाहिलेल्या मेळघाटातल्या माणसाला त्याच्या आळसाविषयी विचारून पाहावे! ह्याच शॉकडे १७९९ साली ऑस्ट्रेलियातून बदकाच्या चोचीचे प्लॅटिपस आले, तेव्हा कोणी चोच शिवून तर दिली नाही ना, अशी त्याला शंका आली. खऱ्यावर संशय आणि चुकीवर विश्वास! दूर बसून सोडलेल्या कातड्यांवरून ओळख पटवायची म्हटली की असे होणारच.

पाळीव प्राण्यांच्या पानांत दोष निराळा असतो. तेथे प्राणी दिसतो, पण त्याचा धनी गायब असतो. जपानात गिफू शहराजवळ नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरवतात. अजब प्राण्यांच्या पुस्तकांत ह्याची एकच ओळ असते : पक्ष्याच्या गळ्याला दोर बांधतात म्हणजे त्याला मासा गिळता येत नाही. वाचणारे मूल म्हणते, 'किती दुष्ट!' आणि पान उलटते. खरी गोष्ट अशी की तो दोर नेमका किती आवळायचा ह्यातच सारी विद्या आहे. लहान मासा पोटात जावा, मोठा तेवढा गळ्यात अडावा. रात्रीच्या वेळी नावेच्या टोकाला लोखंडी जाळीत विस्तव पेटवतात, आणि 'उशो' म्हणून ओळखला जाणारा धनी एका हातात दहा-बारा पक्ष्यांच्या दोऱ्या गुंता न होऊ देता सांभाळतो. हे काम बापाकडून मुलाकडे येते. गिफूच्या उशोंना जपानच्या राजघराण्याच्या खात्याकडून रीतसर नेमणूक असते. पक्षी वर्षानुवर्षे धन्याच्या घरीच राहतात. पद्धत क्रूर आहे की नाही, ह्यावर वाद जरूर घालावा. पण तो एका ओळीवर घालू नये. उद्या कोणा परदेशी मुलाच्या पुस्तकात आपला नंदीबैल 'मान हलवून भविष्य सांगणारे भारतीय गुरू' म्हणून आला, आणि पाठीवरची झूल, गुबुगुबु वाजणारे वाद्य, दारात सूप घेऊन आलेली घरधनीण ह्यांतले काहीच आले नाही, तर आपल्याला काय वाटेल?

ह्याच्या उलट टोकाला लाडाची पुस्तके. प्राणी घरात आणावा, त्याने कपबशा फोडाव्या आणि लेखकाने त्यावर पुस्तक लिहावे, असा एक संप्रदायच आहे. त्यांतले उत्तम पुस्तक म्हणजे गेव्हिन मॅक्सवेलचे १९६० सालचे 'रिंग ऑफ ब्राइट वॉटर'. इराकच्या दलदलीतून आणलेले पाणमांजर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्याच्या सोबतीला राहिले. ते त्याच जातीचे, जी आपल्या गोव्याच्या खाड्यांतही आहे. मॅक्सवेलचे गद्य सुंदर आहे, दुःखही खरे आहे. पण पुस्तक मिटताना मला पाणमांजरापेक्षा एकटा मॅक्सवेलच जास्त कळलेला असतो. आणि अशा लाडिक चित्रांची किंमत प्राणी मोजतात. गोंडस पाणमांजर घरात हवे ही हौस आशियात इतकी बोकाळली की २०१९ साली ह्या जातीच्या आणि तिच्या छोट्या नखांच्या भावंडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. मराठीत ह्या लाडिकपणापासून पूर्ण मोकळे पुस्तक म्हणजे माडगूळकरांचे 'सत्तांतर' (१९८२). वानरांच्या टोळीतला तो सत्तेचा झगडा वाचताना लेखक कोठेही मध्ये येत नाही, आणि त्यातले क्रौर्य तो गोड करून सांगत नाही.

दिवाळीचा अंक आहे म्हणून शेवटी लक्ष्मीच्या वाहनाविषयी. घुबडाचे आपण काढलेले चित्र दुहेरी आहे. एरवी अशुभ, आणि देशात काही ठिकाणी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र बळी देण्याइतके मोलाचे. वन्यजीव कायद्याने घुबडे संरक्षित आहेत, तरी ह्याच दिवसांत ती चोरून पकडली आणि विकली जातात. त्याच कुळातला आपल्या महाराष्ट्राचा रानपिंगळा. १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. १८८४ साली खानदेशात शेवटचा नमुना मिळाला आणि नंतर पक्षी जणू लुप्तच झाला. पुढे कर्नल माइनर्ट्‌झहागेन ह्या इंग्रज संग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मारल्याचे सांगितले, त्यामुळे शोधणारे तिकडे फिरत राहिले. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषीने सहकाऱ्यांबरोबर ते कातडे तपासले तेव्हा उघड झाले की ते संग्रहालयातून चोरलेले, पुन्हा भरलेले आणि खोटी चिठ्ठी लावलेले होते. मग तिने ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या प्रामाणिक चिठ्ठ्यांवरची गावे पाहिली, आणि दोन सोबत्यांसह सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये तेथे रानपिंगळा दिसला. घुबड असूनही भर उजेडात, निष्पर्ण फांदीवर, उघडा बसलेला. एकशेतेरा वर्षे हरवलेला हा पक्षी पुढे मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला, आणि २०१४ साली तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसाच्या जंगलातही.