गॅरेजमधले अद्भुत : डेव्हिड आमंड यांची ‘स्केलिग’

अद्भुताच्या शोधात मुलांनी दुसऱ्या लोकात जावे, हा इंग्रजी बालसाहित्यातील रुळलेला संकेत आहे. १९९८ सालच्या कार्नेगी पदकाची मानकरी ठरलेल्या ‘स्केलिग’मध्ये मात्र अद्भुतच शहरातील एका मोडकळीस आलेल्या गॅरेजमध्ये, कोळिष्टकांत येऊन पडले आहे. नव्या घरी राहावयास आलेल्या मायकेलला तेथे एक जर्जर माणूस दिसतो. संधिवाताने तो जखडला आहे. त्याला ॲस्पिरिन हवी, चिनी खाणावळीच्या यादीतील २७ आणि ५३ क्रमांकांचे पदार्थ हवेत. आणि त्याच्या कोटाखाली पंख आहेत.

येथे गार्सिया मार्केस यांच्या पंखधारी वृद्धाच्या कथेची आठवण अपरिहार्य होते. त्या कथेतील गावकरी वृद्धाला खुराड्यात डांबतात, त्याच्या दर्शनासाठी पैसे घेतात. आमंड यांनी बघ्यांची गर्दीच दूर ठेवली आहे. मायकेल हे गुपित शेजारच्या मीनाशी वाटून घेतो, आणि त्यांच्या मैत्रीचा पाया कुतूहलापेक्षा शुश्रूषेवर रचला जातो. तो देवदूत आहे, पक्षी आहे की माणूस, हे ठरविण्याआधी त्याला भरवणे आणि ओल्या गॅरेजमधून हलवणे त्यांना भाग पडते. कादंबरीही त्याला अखेरपर्यंत एका नावात बसवीत नाही.

मायकेलची तान्ही बहीण हृदयविकाराने रुग्णालयात आहे. स्केलिगच्या सांध्यांवरचा उपायही तो तेथीलच डॉक्टरांना विचारून येतो. बहीण वाचते ती शस्त्रक्रियेमुळे, की आईला रात्री अर्धवट झोपेत दिसलेल्या त्या आकृतीमुळे? आमंड दोन्ही शक्यता खुल्या ठेवतात. त्यामुळे चमत्काराने वैद्यकाचे श्रम हलके होत नाहीत आणि मुलाचे भयही खोटे ठरत नाही. मृत्यूची शक्यता खरी असल्याखेरीज या अद्भुताला वजन आले नसते.

मीनाचे पात्र मात्र सर्वत्र सारखे उतरलेले नाही. शाळेत न जाता घरी शिकणारी ही मुलगी विल्यम ब्लेकचे दाखले देते, तेव्हा अधूनमधून लेखकाचेच शिक्षणविषयक मत तिच्या तोंडून ऐकू येते. ती खरी सजीव होते ती भांडताना. मायकेलचे शाळेतील मित्र, लीकी आणि कूट, यांच्यावरून दोघांत वितुष्ट येते. गुपित जपताना जुने सवंगडी परके होऊ लागतात, ही मैत्रीची दुखरी बाजू तेथे ओझरती दिसते. फुटबॉलभोवती रमणाऱ्या त्या दोघांना काही सांगावे की सांगू नये, या मायकेलच्या घुसमटीला कादंबरीने आणखी काही पाने द्यावयास हवी होती.