हेतू आणि सबब : लोगेनच्या व्यक्तिरेखेचा विचार

खलपात्राला दुःखद पूर्वायुष्य जोडले की ते आपोआप गुंतागुंतीचे होते, असा समज अद्भुतरम्य भूमिका-खेळांच्या चर्चेत वारंवार आढळतो. तो अपुरा आहे. पूर्वायुष्यातून कृत्याचे कारण कळते. परंतु कारण, हेतू आणि सबब हे तीन शब्द मराठीने वेगळे राखले आहेत, ते व्यर्थ नव्हे. कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) या संगणक-खेळातील लोगेन या सेनापतीच्या ठायी या तिन्ही अर्थच्छटा क्रमाने दिसतात.

परकीय ऑर्ले साम्राज्याच्या जोखडातून फेरेल्डन देश सोडविणाऱ्यांत लोगेन अग्रणी होता. ऑस्टागारच्या रणभूमीवर तरुण राजा केलन त्याच ऑर्लेच्या मदतीची भाषा बोलतो, तेव्हा लोगेनचा संताप समजण्याजोगा ठरतो. पुढे इशाऱ्याचा अग्नी पेटूनही तो सैन्य मागे घेतो आणि राजा मारला जातो. लढाई हरलेलीच होती, असे तो नंतर म्हणतो. येथवर त्याच्या कृत्यामागे हेतू आहे, असे मानण्यास जागा राहते.

परंतु यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी तो राजधानीतील एल्फ जमातीच्या प्रजेला टेव्हिंटरच्या गुलाम-व्यापाऱ्यांना विकू देतो. सरदारांच्या सभेत याचा जाब विचारला असता त्याने दिलेल्या उत्तराची वाक्यरचना लक्षणीय आहे. त्यात कर्तृपदी वस्ती येते, तिची दुर्दशा येते, तिचा बचाव अशक्य असल्याचे येते. विकणारा मात्र कोठेच येत नाही. ‘मी’ हे पद परतते ते कर्तव्य बजावल्याचे सांगताना. ज्या देशाला दास्यातून सोडविले, त्याच देशाची माणसे दास्यात देणाऱ्याच्या तोंडी ‘देशासाठी’ हा शब्द आता हेतू राहत नाही; ती सबब होते.

नाटक किंवा कादंबरी येथे आपला निवाडा देऊन मोकळी झाली असती. या खेळात तो खेळणाऱ्यावर सोपविला आहे. लोगेनला जीवदान दिल्यास तो सहकारी बनतो, अखेरच्या युद्धात प्राणार्पणही करू शकतो; मात्र ऑस्टागारला आपले गुरू व बांधव गमावलेला अ‍ॅलिस्टर हा सोबती त्या क्षणी साथ सोडतो. क्षमेचे मूल्य कोणी द्यावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही.

लोगेनच्या प्राणार्पणाने त्याचा मूळ हेतू उजळतो, हे खरे. तथापि विकल्या गेलेल्यांच्या हिशेबात त्याने काहीही जमा होत नाही. हेतू समजून घेणे हे समीक्षेचे काम होय. त्या समजुतीला माफीपत्र मानणे नव्हे. हा भेद या व्यक्तिरेखेच्या रचनेत शेवटपर्यंत सांभाळला गेला आहे, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे.