अर्धपूर्ण उपकवचाचे ‘स्थैर्य’ : असेंद्रिय रसायनशास्त्राच्या अध्यापनातील एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षात असेंद्रिय रसायनशास्त्राचा आरंभ बहुधा अणुसंरचना व आवर्तसारणी या घटकांनी होतो. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची मांडणी अणुभारानुसार केली. मोजले यांच्या १९१३ मधील क्ष-किरणविषयक प्रयोगांनी या मांडणीस अणुअंकाचा पाया मिळवून दिला. पुढे पुंजयामिकीमुळे गुणधर्मांच्या आवर्तनाचा संबंध इलेक्ट्रॉन संरूपणाशी जोडता आला. त्यामुळे या घटकाच्या अध्यापनात गुणधर्मांचा कल सांगून थांबता येत नाही. त्याची कारणमीमांसाही अपेक्षित असते. ‘अर्धपूर्ण व पूर्ण उपकवचांस अतिरिक्त स्थैर्य असते’ हे विधान अशा कारणमीमांसेत वारंवार वापरले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची प्रायोगिक मूल्यांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

विधानाचे स्वरूप

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना परिणामी केंद्रकीय प्रभार वाढतो व त्यामुळे प्रथम आयनन ऊर्जा वाढत जाते, हा सर्वसाधारण कल होय. दुसऱ्या आवर्तात त्यास दोन अपवाद आढळतात. बेरिलिअमपेक्षा (८९९ किलोज्यूल प्रतिमोल) बोरॉनचे मूल्य (८०१) कमी आहे, तसेच नायट्रोजनपेक्षा (१४०२) ऑक्सिजनचे मूल्य (१३१४) कमी आहे. पहिल्या अपवादाचे कारण सरळ आहे. बोरॉनमधून निघणारा इलेक्ट्रॉन २पी उपकवचातील असून त्याची ऊर्जा २एस इलेक्ट्रॉनपेक्षा अधिक असते. दुसऱ्या अपवादासाठी मात्र ‘नायट्रोजनचे २पी उपकवच अर्धपूर्ण असल्याने तो अधिक स्थिर आहे’ असे सांगितले जाते. नायट्रोजनचे मूल्य असाधारणपणे उंच आहे, हे यात गृहीत धरलेले असते.

प्रायोगिक मूल्यांची साक्ष

हे गृहीतक आकडेवारीवर टिकत नाही. बोरॉन, कार्बन व नायट्रोजन यांची मूल्ये अनुक्रमे ८०१, १०८६ व १४०२ आहेत. म्हणजे वाढ २८५ व ३१६ इतकी आहे. ऑक्सिजन, फ्लोरिन व निऑन यांची मूल्ये १३१४, १६८१ व २०८१ असून तेथील वाढ ३६७ व ४०० आहे. आलेख काढल्यास जवळजवळ सरळ अशा दोन रेषा दिसतात व दुसरी रेषा पहिलीच्या अपेक्षित विस्ताराच्या बरीच खाली असते. नायट्रोजन आपल्या रेषेवर अपेक्षित ठिकाणीच आहे. खाली सरकलेला आहे तो ऑक्सिजन, आणि त्याच्यासोबत फ्लोरिन व निऑनही. शेवटच्या दोहोंविषयी अर्धपूर्ण उपकवचाचे विधान काहीच सांगत नाही.

या आकृतिबंधाचे स्पष्टीकरण इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमध्ये आहे. समांतर स्पिन असलेल्या इलेक्ट्रॉनांना विनिमय ऊर्जेचा लाभ मिळतो. एक इलेक्ट्रॉन काढल्यावर २पी उपकवचातील असे किती विनिमय नष्ट होतात ते मोजल्यास बोरॉन, कार्बन व नायट्रोजनसाठी ०, १, २ आणि ऑक्सिजन, फ्लोरिन व निऑनसाठी पुन्हा ०, १, २ असा क्रम येतो. ऑक्सिजनपासून निघणारा इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनचा असतो. तो काढताना हा लाभ गमवावा लागत नाही, उलट एकाच कक्षकातील दोन इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण कमी होते. एकाच तत्त्वाने सहाही मूलद्रव्यांचा उलगडा होतो. पीटर कॅन यांनी २००० मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये आयनन ऊर्जा, समांतर स्पिन व अर्धपूर्ण उपकवचे यांच्या संबंधाची चर्चा केली आहे.

आवर्तसारणीत खाली गेल्यावर विधानाची मर्यादा अधिक स्पष्ट होते. नायट्रोजन व ऑक्सिजनमधील फरक ८८ आहे. फॉस्फरस (१०१२) व गंधक (१०००) यांच्यात तो १२ उरतो, तर आर्सेनिक व सेलेनिअम यांच्यात जेमतेम ३ ते ४. अँटिमनी (८३१) व टेलुरिअम (८६९) यांच्याबाबतीत क्रमच उलटतो. अँटिमनीचे ५पी उपकवचही अर्धपूर्णच आहे. तरीही त्याचे मूल्य कमी आहे. कक्षक विस्तारल्याने विनिमय व प्रतिकर्षण यांचा प्रभाव घटतो आणि जड अणूंत स्पिन-कक्षा आंतरक्रिया महत्त्वाची ठरते. ‘स्थैर्य’ हा शब्द यांपैकी कशाचीही कल्पना देत नाही.

संक्रमण मूलद्रव्यांचा प्रश्न

क्रोमिअम (३डी⁵ ४एस¹) व तांबे (३डी¹⁰ ४एस¹) यांसाठीही हेच विधान दिले जाते. दुसऱ्या संक्रमण श्रेणीत मात्र नायोबिअम (४डी⁴ ५एस¹), रुथेनिअम (४डी⁷ ५एस¹) व ऱ्होडिअम (४डी⁸ ५एस¹) यांचे उपकवच अर्धपूर्णही नाही व पूर्णही नाही. तरीही ५एसमधील एक इलेक्ट्रॉन ४डीमध्ये गेलेला दिसतो. क्रोमिअमच्याच गणातील टंगस्टनचे संरूपण ५डी⁴ ६एस² आहे. तेथे अर्धपूर्ण होण्याची ‘ओढ’ दिसत नाही. ज्या नियमाला अनुकूल उदाहरणे सांगितली जातात व प्रतिकूल उदाहरणे ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवली जातात, त्या नियमाची परीक्षा कधीच होत नाही.

अध्यापनविषयक परिणाम

या विधानात चक्रीय तर्काचा दोष आहे. आयनन ऊर्जा अधिक का, तर अणू स्थिर म्हणून. आणि अणू स्थिर कशावरून, तर आयनन ऊर्जा अधिक म्हणून. शिवाय ‘स्थिर नायट्रोजन’ ऐकून विद्यार्थी वायुरूप नायट्रोजनच्या निष्क्रियतेचा संबंध अर्धपूर्ण उपकवचाशी लावतात. वस्तुतः ती निष्क्रियता रेणूतील तिहेरी बंधामुळे असून तो तोडण्यास सुमारे ९४५ किलोज्यूल प्रतिमोल ऊर्जा लागते. मुक्त अणू व रेणू यांतील भेदच येथे पुसला जातो.

मर्यादित तासिका व वस्तुनिष्ठ परीक्षापद्धती यांमुळे अशा सूत्रबद्ध विधानांचा आश्रय घेतला जातो, हे मान्य करावे लागेल. स्मरणसाहाय्य म्हणून त्यांचा उपयोगही आहे. परंतु स्मरणसाहाय्यास कारणाचा दर्जा दिल्यास विज्ञानशिक्षणाचा मूळ हेतूच बाधित होतो.

निष्कर्ष

अर्धपूर्ण उपकवचाच्या स्थैर्याचे विधान काही निवडक उदाहरणांचे वर्णन करते. त्यांचे कारण ते देत नाही. अध्यापनात विनिमय ऊर्जा व इलेक्ट्रॉन-प्रतिकर्षण यांची गुणात्मक ओळख करून देणे शक्य आहे व त्यासाठी प्रगत गणिताची गरज नाही. दुसऱ्या आवर्तातील मूल्यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा, अँटिमनी व टेलुरिअमचा क्रम आधी त्यांना वर्तविण्यास सांगावा आणि मगच प्रायोगिक मूल्य समोर ठेवावे. भाकीत चुकल्यावर नियम तपासावा लागतो, हा धडा एका तासिकेत मिळू शकतो व तो रसायनशास्त्रापुरता मर्यादित नाही.