फाळक्यांचा वाटाणा आणि आपल्या वर्गातला

गेल्या पावसाळ्यात भाईंदरच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला गेलो होतो. मी मीरा रोडला राहतो, म्हणजे एकच स्टेशन अलीकडे. भाषण आटोपल्यावर बाईंनी सातवीच्या वर्गातल्या पडद्यावर बीजांकुरणाची एक छोटी चित्रफीत लावली. आठ-दहा सेकंदांत मातीतला वाटाणा फुगला, फुटला, खाली मूळ आणि वर कोंब एकाच वेळी निघाले आणि दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन रोप डौलात जमिनीबाहेर आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, आमच्या डब्यातला वाटाणा असा नाही आला. त्याच्या डाळी मातीतच राहिल्या."

मुलीचे बरोबर होते. घेवडा, राजमा यांचे कोंब वर येताना बीजाची दोन्ही दले सोबत उचलतात. वाटाणा आणि हरभरा यांची दले जमिनीतच राहतात, वर येतो तो फक्त वाकलेला कोंब. शिवाय मूळ आणि कोंब एकदम निघत नाहीत. उसळीसाठी भिजवलेल्या वाटाण्याला आपण 'मोड आले' म्हणतो ते मूळच असते. कोंब मागाहून येतो. हे स्वयंपाकघरात रोज दिसते.

मला वाईट वाटायचे कारण आणखी वेगळे होते. बारा वर्षांपूर्वी ही चित्रफीत तपासून 'शास्त्रीयदृष्ट्या ठीक' असा शेरा मीच दिला होता. निवेदनाचा कागद मी ओळ न् ओळ वाचला होता, त्यातले दोन शब्द बदलायलाही लावले होते. चित्र पाहिले ते चहा पिता पिता. बहुधा घेवड्याचे रोप एकदा तयार करून ठेवले होते आणि त्यालाच वाटाण्याचा दाणा जोडला होता. मला ते कळले नाही, कारण हालचालही तपासायची असते हे माझ्या डोक्यातच नव्हते.

म्हणून आज ॲनिमेशनबद्दल, म्हणजे सचेतपटाबद्दल, थोडे लिहितो आहे. सुरुवात वाटाण्यापासूनच करू, कारण आपल्याकडे या कलेची सुरुवातही वाटाण्याने झाली. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि या धंद्यावर कोणाचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थांबून थांबून एकेक चित्र घेत महिनाभर ते रोप टिपले. 'अंकुराची वाढ' ही ती फीत. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे दिले आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

ही गोष्ट सांगताना 'रोज एक चित्र, महिनाभर' असे म्हणतात आणि 'फीत मिनिटभराची झाली' असेही म्हणतात. ही दोन्ही विधाने मुलांना फळ्यावर मांडायला लावा. त्या काळी सेकंदाला साधारण 16 चित्रे धरली, तर 30 चित्रे दोन सेकंदांतच संपतात. मिनिटभरासाठी 960 चित्रे लागतात, म्हणजे महिनाभर रोज 32, दिवसरात्र दर पाऊण तासाला एक. फाळक्यांनी नेमके काय केले असेल ते असो, पण 'रोज एक'वर ते भागले नसणार. या हिशेबातून त्यांच्या चिकाटीची जेवढी कल्पना येते, तेवढी कोणत्याही गौरवपर भाषणातून येत नाही.

फाळक्यांच्या फितीतले प्रत्येक चित्र हे एक मोजमाप आहे. रोप कधी थबकले, कोणीकडे झुकले, हे रोपाने ठरवले. चार्ल्स डार्विनने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने 1880 साली वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्याजवळ असा कॅमेरा नव्हता. रोपासमोर काच धरून शेंड्याची जागा तो ठराविक वेळाने ठिपक्याने नोंदवी. ते ठिपके जोडले की कळे, की कोंब सरळ वर जात नाही, घुटमळत, गोल फिरत जातो. माझ्या त्या चित्रफितीतले रोप मात्र लिफ्टसारखे एका वेगाने वर येते. संगणकाला आरंभ आणि शेवट सांगितला आणि मधले त्याने समान भाग करून भरले.

मधले कोण भरतो, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या बाजूनेही आहे. दृष्टिसातत्यामुळे सिनेमा हलताना दिसतो, असे आपण वर्गात सांगतो. मीही कित्येक वर्षे सांगितले. पण डोळ्यात नुसती आधीची प्रतिमा रेंगाळत राहिली असती, तर चित्रे एकमेकांवर चढून गिचमीड झाली असती. जर्मनीत माक्स वेर्टहायमर याने 1912 सालीच, म्हणजे फाळक्यांच्या वाटाण्याच्याच वर्षी, दाखवून दिले की दोन स्थिर रेषा योग्य अंतराने एकामागून एक दाखवल्या, तर मेंदू त्यांच्यामध्ये खरीखुरी हालचाल पाहतो. म्हणजे मधली जागा मेंदू भरतो आणि आपण भरली हे त्याला ठाऊकही नसते. वाक्यातली चूक मूल प्रश्न विचारून पकडू शकते. हालचालीतली चूक त्याने स्वतःच 'पाहिलेली' असते.

चांगले कलावंत या मधल्या जागेचे काय करतात ते पाहण्यासारखे आहे, आणि उदाहरणे मुंबईतच आहेत. गीतांजली राव या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा सचेतपट 2006 साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पुरस्कार मिळवून गेला. एक एकटी म्हातारी, तिची मांजर, करड्या रंगातले घर आणि म्हातारीने जमवलेल्या काडेपेट्या. त्यांवरच्या छापील चित्रांत ती शिरते तेव्हाच रंग येतो. (गंमत म्हणजे 1915 साली फाळक्यांनीही 'आगकाड्यांची मौज' केली होती, तीत काड्याच नाचत.) रावबाईंनी हे हाताने, एकेक चित्र करून काढले. त्यातली मांजर आळस देते ती मांजरासारखी. कारण सोपे आहे, आधी मांजर पाहिलेली आहे. काडेपेटीतल्या जगात काहीही घडू शकते, तिथे निसर्गनियमांची सक्ती नाही. पण घरातल्या जगाचे वजन इतके खरे आहे की कल्पना कुठे सुरू झाली हे प्रेक्षकाला प्रत्येक वेळी कळते. शैक्षणिक चित्रफितींत नेमके हेच कळत नाही. पाहिलेले कोणते आणि समजावण्यासाठी कल्पिलेले कोणते, दोन्ही एकाच चकचकीत रंगात येतात. अणूभोवती फिरणारे इलेक्ट्रॉनचे गोळे आठवा.

त्यांचाच 2019 चा 'बॉम्बे रोझ' हा पूर्ण लांबीचा चित्रपट रंगवलेल्या चित्रांतून झाला आहे. त्यातली मुंबई सुंदर आहे, पण मला तो थोडा कमी आवडला. माणसे चालतात तेव्हा काही ठिकाणी पाऊल पडते आणि भार जमिनीला पोचत नाही. एकटीने काढलेल्या छोट्या पटात जी शिस्त राहते, ती मोठ्या पथकात टिकवणे किती अवघड असते हे यावरून दिसते.

सुरेश एरियत यांच्या 'टोकरी' या बाहुलीपटाला 2017 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सचेतपटाचा पुरस्कार विभागून मिळाला. वडिलांचे घड्याळ मुलीच्या हातून बिघडते आणि ते दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून ती रस्त्यावर टोपल्या विकायला निघते, एवढीच गोष्ट. बाहुलीपटात बाहुली हाताने किंचित हलवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. सेकंदाला 24 चित्रे; दोन-दोन चित्रे सारखी ठेवली तरी सेकंदाला बारा वेळा हात लावायचा. इथे मधले भरून द्यायला कोणी नाही. या पद्धतीत पाहण्याचा आळस लगेच उघडा पडतो.

समजा, एक चेंडू 1.2 मीटर उंचीवरून पडतो आहे. त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला बाराच्या हिशेबाने सहा चित्रे. सुटल्या जागेपासून चेंडू क्रमाने सुमारे 3.4, 13.6, 30.6, 54.4, 85 आणि 122 सेंटिमीटर खाली असला पाहिजे. लागोपाठच्या अंतरांचे प्रमाण 1, 3, 5, 7, 9, 11 येते, हे गॅलिलिओने दाखवलेच आहे. चित्रकाराला ते सूत्र ठाऊक असो वा नसो, सुरुवातीला चित्रे दाट आणि शेवटी विरळ काढायची हे त्याच्या हातात असते. तुमच्या वर्गात गुरुत्वाकर्षणावरची जी चित्रफीत असेल ती थांबवत थांबवत चालवा आणि पडद्यावर पट्टी लावून अंतरे मोजा. मी घरी तीन फिती मोजल्या. एकीत चेंडू समान वेगाने उतरत होता, आणि निवेदक मात्र त्वरण समजावून सांगत होता.

त्या शाळेत मी पुन्हा गेलो, माझी चूक मुलांना सांगायला. बाईंनी तोवर खिडकीत तीन कुंड्या ठेवल्या होत्या आणि समोर विटांवर एक जुना मोबाइल पक्का बसवला होता. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, असे दिवसाला तीन फोटो. महिन्यात रविवार सोडून 26 दिवसांचे 78 फोटो, सेकंदाला बाराने साडेसहा सेकंद. रविवारी रोप उडी मारते, तिथे काय करायचे यावर वर्गात भांडण चालू होते. एका मुलाचे म्हणणे, मधली तीन चित्रे आपण काढून घालू, कोणाला कळणार नाही. डब्यातला वाटाणा आठवणारी ती मुलगी म्हणत होती, रविवारी काळी पाटी दाखवायची. मी निघालो तेव्हा बाईंनी मतदान पुढच्या तासाला ठेवले होते.