चित्रपटगृहातला आवाज कोणी ठरवायचा?

चित्रपटाच्या परीक्षणात आवाजाबद्दल आपण फार थोडं लिहितो. 'पार्श्वसंगीत प्रभावी आहे' आणि 'संवाद नीट ऐकू येत नाहीत' ही दोन ठरावीक वाक्यं शेवटच्या परिच्छेदात येतात आणि विषय संपतो. आज आपल्याला यातल्या दुसऱ्या वाक्याचा विचार करायचा आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत असू, की विधान खरं की खोटं ते नंतर बघू. आधी ते कशाबद्दल आहे ते ठरवा. 'संवाद ऐकू आले नाहीत' हे विधान कशाबद्दल आहे? चित्रपटाबद्दल, की ज्या चित्रपटगृहात तो पाहिला त्याबद्दल?

याचं उत्तर द्यायचं तर थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. चित्रपटाचं मिक्सिंग ज्या खोलीत होतं, तिथे कामाआधी माप लावून घेतात. पिंक नॉइज नावाचा, दूरच्या धबधब्यासारखा एकसुरी आवाज डिजिटल ध्वनीच्या कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खाली ठेवून सोडायचा. पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ऐकणाऱ्याच्या जागी ८५ डेसिबल देतो का, ते मीटरवर पाहायचं. सराउंड स्पीकरांच्या डाव्या आणि उजव्या समूहासाठी हा आकडा ८२ असतो. नेमकी हीच कृती चित्रपटगृहातही करायची. तिथल्या डॉल्बी प्रोसेसरवर आवाजाची पट्टी ० ते १० अशी असते आणि हे माप लागतं ते ७ या आकड्यावर. म्हणजे पट्टी ७ वर असेल, तर मिक्सिंग करणाऱ्याने जी कुजबुज ऐकली तीच कुजबुज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मिळावी, अशी ही व्यवस्था आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. ८५ डेसिबल हा काही चित्रपटाचा आवाज नव्हे. तो तराजूतला वजनाचा दगड आहे, माल नव्हे. साधे संवाद त्याच्या बरेच खाली असतात, स्फोट बरेच वर जातात. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा शेर वेगवेगळा असेल, तर भावाची चर्चाच निरर्थक होते. ७ हा आकडा म्हणजे दोन खोल्यांनी मान्य केलेला शेर आहे.

आता हा शेर खोटा कसा झाला ते पाहा. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं. जुन्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीवर मोठ्या आवाजाला जागा कमी होती. आता त्या मापाच्या वर २० डेसिबल मोकळी जागा मिळाली. जागा मिळाली की ती भरायची, हा मनुष्यस्वभाव. चित्रपट मोठे होत गेले, ट्रेलर तर फारच. प्रेक्षकांनी तक्रार केली, व्यवस्थापकाने पट्टी ५ वर आणली. या पट्टीवर ४ ते १० मध्ये एका आकड्याला सव्वातीन डेसिबलहून किंचित जास्त फरक पडतो. ७ चे ५ केले की साडेसहा डेसिबलहून अधिक गेले; ४ केले की पूर्ण १० गेले, म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. त्याखाली तर एकेका आकड्याला २० डेसिबल, म्हणजे सरळ कडाच!

मग दिग्दर्शक चित्रपटगृहात जातो. आपला चित्रपट मिणमिणता ऐकू येतो. पुढच्या वेळी तो मिक्सिंग करणाऱ्याला म्हणतो, "थोडं वर घ्या, तिकडे ते खाली करतातच." तिकडे पट्टी आणखी खाली येते. यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घेतला आहे, आणि सगळ्यांचा मिळून मूर्खपणा झाला आहे. डॉल्बीच्या आयोन अ‍ॅलन यांनी १९९७ सालीच चित्रपट फार मोठे झालेत का, असा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. पुढे अमेरिकेत ट्रेलरच्या आवाजाला मर्यादा ठरली. पण ती ट्रेलरला. मुख्य चित्रपटाला नव्हे.

यात नुकसान कोणाचं झालं? 'सैराट' आठवा. २०१६ चा हा चित्रपट पाहताना 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले. आणि शेवट? ते लहान मूल रडताना दिसतं, पण त्याचं रडणं ऐकू येत नाही. नागराज मंजुळे यांनी आवाज काढून घेतला आहे. आता कोणी म्हणेल, शांततेला कसली आली पातळी? शून्य ते शून्यच. बरोबर आहे. पण चित्रपटगृहात शून्य कधीच नसतं. एसीची घरघर असते, पंखे असतात, लोकांचे श्वास असतात. पट्टी खाली आणली की चित्रपट खाली येतो, एसी मात्र आहे तिथेच राहतो. चित्रपटातले बारीक आवाज, घरातली हालचाल, भांड्याचा हलका नाद, हे सगळं त्या घरघरीखाली बुडतं. मग शेवटी आवाज काढून घेतल्यावर काय काढून घेतलं, हे कळणार कसं? जे आधीच ऐकू येत नव्हतं, त्याच्या जाण्याने कोणी दचकत नाही. मोठा आवाज पट्टी खाली करूनही तग धरतो. मार बसतो तो हळू आवाजाला आणि शांततेला.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. २०१४ साली 'इंटरस्टेलर'मधले काही संवाद कळत नाहीत अशी ओरड झाली. अमेरिकेतल्या एका चित्रपटगृहाने तर आमची यंत्रणा ठीक आहे, अशी पाटी लावली. ख्रिस्तोफर नोलन यांचं म्हणणं असं, की संवादाचा काही ठिकाणी ध्वनिपरिणामासारखा वापर आपण समजून-उमजून केला. हे पटो न पटो, पण वाद घालायचा तर पट्टी ७ वर होती हे आधी ठाऊक हवं. ती तशी असेल तर न कळणारा शब्द ही दिग्दर्शकाची निवड ठरते आणि त्याला जाब विचारता येतो. ती तशी नसेल, तर चांगल्या कामाला विनाकारण दोष लागतो आणि वाईट कामाला आयती सबब मिळते. माप नसलं की जबाबदारीही नसते, आमचा मुख्य मुद्दा हा आहे.

आक्षेप येईल, की ७ वर खरोखर कान दुखतात, त्याचं काय? दुखत असतील तर पट्टी खाली आणलीच पाहिजे. अंधारात बसलेल्या माणसाच्या हातात रिमोट नसतो आणि कानांना पापण्या नसतात. त्याने आपलं ऐकणं दुसऱ्याच्या स्वाधीन केलेलं असतं. पण हा उपाय रोगावरचा नव्हे. रोग मिक्सिंगच्या खोलीत आहे, तिथेच तो बरा व्हायला हवा.

म्हणून तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली: तुमच्या खोलीतला आवाज जितका मोठा, तितका तुमचा चित्रपट लहान होतो, कारण कान भरले की हात आपोआप खाली येतो. खोलीतला आवाज लहान, तर चित्रपट मोठा. म्हणून छोट्या खोलीत माप ८५ ऐवजी ८२ किंवा ७९ घेतात, कारण तिथे ८५ अंगावर येतात. पण शेवटची परीक्षा खऱ्या चित्रपटगृहात, ७ वरच. दुसरी: मोबाइलसाठी छताला टेकवलेला आवाज तसाच चित्रपटगृहासाठी पाठवू नका. लघुपटांच्या कार्यक्रमात असा एक चित्रपट लागला, की ऑपरेटर घाबरून पट्टी साडेचारवर नेतो. ती तिथेच राहते आणि पुढचा, नेटका केलेला चित्रपट मुका होतो. तुमच्या आरडाओरडीची किंमत दुसराच कोणी मोजतो.

आणि समीक्षकांनी काय करावं? 'संवाद ऐकू येत नाहीत' हे वाक्य लिहिण्यापूर्वी मध्यंतरात प्रोजेक्शनच्या खोलीशी जावं आणि विचारावं, "पट्टी कितीवर आहे हो?" उत्तर मिळेल ते परीक्षणात लिहावं. चार जण असं लिहू लागले, तर पाचव्या चित्रपटगृहात ती पट्टी कोणीतरी तपासून पाहील. बाकी चर्चेत बोलूच. प्रश्न विचारताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोला, म्हणजे झालं.