विटण्याची कला

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर पॉलिशचे हात चढताना पाहणे हा माझा जुना छंद. परवा तेथे एक विशीतला मुलगा भोपळा घासत बसला होता. त्याची निळी जीन्स गुडघ्यांवर पार विटलेली. मी सहज म्हटले, "जुनी झाली रे ही!" तो हसला. "नाही काका, गेल्या आठवड्यातच घेतली. अशीच मिळते."

आमच्या घरी विटका कपडा म्हणजे लाज. आई विटलेले लुगडे रंगाऱ्याकडे टाकी, धोतरांना नीळ देई. रंगवणे आणि धुणे, दोन्हींचे काम कपड्याचे वय लपवण्याचे. आज त्याच दोन क्रिया कोऱ्या कपड्याला वय आणतात. याला नुसते तरुणांचे चाळे म्हणणे मला पटत नाही. यात कारागिरी आहे. तेव्हा पारखही तशीच व्हावी.

जीनच्या कापडात ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या थरातच राहते. म्हणून जेथे घासले जाईल तेथे आतले पांढरे सूत डोकावते. गुडघा, खिशाची कड, मांडीवरच्या चुण्या, सर्वत्र वापरणाऱ्याचे आयुष्य उमटते. कारखान्यात प्यूमिस दगड, विकरे आणि परमँगनेटचा फवारा हेच काम काही तासांत उरकतात.

दुसरी रीत निराळी. कोरा कपडा आधी शिवायचा, मग रंगात बुडवायचा. इटलीच्या मास्सिमो ऑस्ती याने ती १९७० च्या दशकापासून नावारूपाला आणली. रंगाच्या गरम पाण्यात शिवण आक्रसते, तिच्या कडेने रंग कोठे दाट, कोठे फिका बसतो. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरचा दोरा घेत नाही, तो उठून दिसतो. ढगळ सदऱ्यांचा आणि टोपीवाल्या स्वेटशर्टांचा मुरलेला मऊपणा पुष्कळदा येथूनच येतो. येथे रंग कपड्याची घडण उघड करतो, खोटे काही सांगत नाही. ही रीत मला अस्सल वाटते.

विटवलेल्या जीनविषयी मात्र माझे मन साशंक आहे. जो गुडघा कधी टेकला नाही, त्यावर कष्टाची खूण उमटवायची. आणि ती उमटवताना खरे झिजायचे दुसऱ्याने! वाळूचा फवारा मारून जीन विटवणाऱ्या तुर्की मजुरांची फुप्फुसे सिलिकाच्या धुळीने निकामी झाली, तेव्हा २००९ साली त्या देशाने ही पद्धत बंद केली. आपल्याकडे उल्हासनगरच्या जीन्स-धुलाईचे सांडपाणी वालधुनी नदीत गेले. कपड्याच्या समीक्षेत हा हिशेबही धरावा लागतो.

वर्षानुवर्षांच्या वादनाने सतारीच्या पडद्यांवर तारांच्या घळी पडतात. नव्या सतारीवर त्या आधीच पाडून द्या, असे कोणी गवई मागत नाही.

उठताना माझे लक्ष गेले. मुलाच्या मांडीवर पॉलिशचा तांबूस डाग पडला होता. त्या साऱ्या विजारीवर तेवढीच खूण त्याची स्वतःची होती.