ग्रंथालय आणि त्यातली सावली

विज्ञानकथा हे सुखवस्तू मध्यमवर्गाचे करमणुकीचे वाङ्मय आहे, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे आपले काही समीक्षक मित्र म्हणतात. मला हे मान्य नाही. उद्याचे जग रंगवताना लेखक आजचा समाजच मांडत असतो. त्या उद्यामध्ये कोणाला जागा मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, हे आपण पाहायचे नाही तर कोणी पाहायचे? 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील दोन जोडभागांबद्दल म्हणूनच येथे लिहितो आहे. बीबीसीने ते २००८ च्या मे-जूनमध्ये दाखवले. लेखक स्टीव्हन मोफॅट.

काळ ५१ व्या शतकाचा. एक सबंध ग्रह म्हणजे एक ग्रंथालय. आजवर लिहिले गेलेले प्रत्येक पुस्तक तिथे आहे, आणि तेही मुद्दाम कागदावर नव्याने छापलेले. ग्रहाच्या पोटात एक अजस्र संगणक. मात्र हे ग्रंथालय शंभर वर्षे बंद आहे. एके दिवशी त्यातली ४०२२ माणसे एकाएकी नाहीशी झाली. काळातून हिंडणारा नायक डॉक्टर आणि संशोधकांची एक तुकडी तिथे पोचते. सावल्यांमध्ये 'वाष्टा नेराडा' नावाचे जीव वावरत आहेत. क्षणात माणसाचे मांस संपवून ते हाडे तेवढी ठेवतात. म्हणून सावल्या मोजायच्या. ज्याला दोन सावल्या पडतील त्याच्यापासून दूर सरायचे.

या ठिकाणी मी अडलो. इंग्लंडातल्या प्रेक्षकाला ही एक चतुर कल्पना वाटली असेल. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीचा विटाळ होई, म्हणून हिंदू येत असता त्याला रस्ता वापरण्याची मनाई होती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नमूद केले आहे. मोफॅट यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, तसा आरोपही मी करीत नाही. त्यांच्या कथेतली सावली खरोखर मारते. आमची कोणालाही मारीत नव्हती. हा फरक लहान नाही. तरीही दोन सावल्या पडलेला एक तरुण जागच्या जागी उभा आहे आणि सोबती त्याच्यापासून लांब सरकत आहेत, हे दृश्य मला काल्पनिक वाटेना.

कथेचा खरा गाभा पुढे आहे. डॉक्टर सावल्यांना विचारतो, तुम्ही अरण्यात राहणारे जीव, इथे कशाला आलात? उत्तर येते की आम्ही आलो नाही, आम्ही इथलेच. ही आमची अरण्ये आहेत. डॉक्टरला आधी काही समजत नाही. मग त्याची नजर कपाटांकडे जाते. पुस्तके कागदाची, कागद झाडांचा. अरण्य तोडून त्याचा लगदा केला तेव्हा त्या जीवांचे बीजाणू लगद्यातून छापखान्यात आणि तिथून पानापानांत आले. घुसखोर कोण, हा प्रश्न एका वाक्यात उलटा होतो. लोकप्रिय मालिकेत एवढे धाडस क्वचित दिसते, आणि त्याचे श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे. कागदाच्या बाजूने अरण्याकडे पाहण्याची सवय आपल्याकडेही जुनीच आहे. बांबू हा कागदाचा कच्चा माल. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा हक्क मिळायला २०११ साल उजाडावे लागले.

पण श्रेय दिल्यावर हिशेबही मागितला पाहिजे. अरण्याच्या या धन्यांना लेखकाने स्वतःचा गळा दिलेला नाही. ते बोलतात ते मेलेल्या माणसाच्या पोशाखातल्या यंत्रातून, त्याच्याच उसन्या आवाजात. जगातले प्रत्येक पुस्तक जिथे आहे तिथे त्यांच्या भाषेतला एक शब्द ऐकू येत नाही. शिवाय न्याय्य तक्रार ज्याच्या तोंडी घालायची तोच नरभक्षक ठरवायचा, ही युक्ती आपण पुराणांपासून ओळखतो. वनात राहणाऱ्याला तिथेही राक्षसच म्हटले आहे. तुकडीतल्या मिस इव्हँजेलिस्टाचेही असेच. सगळे तिला मूर्ख समजून हसतात. भिंतीत एक दार उघडले आहे असे ती सांगते, कोणी लक्ष देत नाही, ती एकटी जाते आणि पहिली मरते. पुढे संगणकातल्या आभासी जगातले खोटेपण उघड करते तीच.

आता माझ्याविषयी. माझ्या घरात पुस्तक हाती धरणारा मी पहिला. लहानपणी तालुक्याच्या एका वाचनालयात मला पुस्तक खिडकीतून मिळे. आत कपाटांपर्यंत जायचे नाही, हा नियम सर्वांना सारखाच आहे असे सांगत. पण काही मुले आत हिंडताना मला खिडकीतून दिसत. म्हणून ग्रंथालयाचा ग्रह पडद्यावर दिसताच मी हरखून गेलो. आपण त्या ४०२२ वाचकांपैकी एक आहोत, असे मनाने कधी धरले ते मलाच कळले नाही. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्यांचा वारसा सांगणाऱ्याने ग्रंथालयाविरुद्ध कसे उभे राहावे? आणि "ही आमची अरण्ये आहेत" हे ऐकल्यावर निर्धास्तपणे वाचत तरी कसे बसावे? मी त्या भागानंतर दोन दिवस या पेचात होतो. अजूनही पुरता सुटलेलो नाही.

शेवटी तडजोड होते. संगणकाने जतन करून ठेवलेले वाचक परत आणून बाहेर काढायला डॉक्टर मुदत मागतो. त्या बदल्यात अरण्य सावल्यांचे. त्या तयार होत नाहीत, तेव्हा तो दरडावतो की तुम्ही विश्वातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयात आहात, मी कोण ते शोधून वाचा. सावली क्षणभर थांबते, मागे सरते आणि एक दिवस देते. म्हणजे त्यांना वाचता येत होते! कथेत त्यांना वाचायला सांगितलेला मजकूर एवढाच, एका बलाढ्य पुरुषाची कीर्ती, आणि तीही धाक म्हणून.

वाचक सुखरूप घरी जातात. ग्रंथालय धनी मंडळींच्या हवाली होते. त्यानंतर त्या पुस्तकांचे त्यांनी काय केले, एखादे उघडले की नाही, हे मोफॅट सांगत नाहीत.